जुनी गाडी: सेल्फची टकटक, सिग्नलला चढणारा काटा आणि पावसात गॅसवर झटके

मालाड_पश्चिम

गाडी २००६ ची, चार सिलिंडरची ११०० सीसी पेट्रोल हॅचबॅक, एमपीएफआय (कॉम्प्युटरवर चालणारं पेट्रोल इंजेक्शन). सीएनजी किट नंतर बसवलेलं, सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर). ८७ हजार किमी झालेत. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते, आठवड्यातून फार तर दोनदा निघते.

तक्रारी तीन आहेत.

चार दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो. जंपर लावला की एका फटक्यात चालू. बॅटरी ३५ एएच (अँपिअर-अवर), आठ महिन्यांची, पाणी बरोबर आहे.

एस. व्ही. रोडला सिग्नलवर पाच-सात मिनिटं अडकलं की टेंपरेचरचा काटा पाऊणपर्यंत जातो. हायवेला लागलो की आपोआप खाली येतो. एसीसुद्धा सिग्नलवर गार करत नाही, गाडी पळायला लागली की करतो.

पाऊस असला की गॅसवर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला झटके देते. पेट्रोलवर टाकली की बऱ्यापैकी नीट.

मीटरचे आकडे, बॅटरीच्या टर्मिनलवर घेतलेले: सकाळी बंद गाडीत १२.३ व्होल्ट. इंजिन चालू, आयडल, बाकी सगळं बंद: १३.७. हेडलाइट, एसी, ब्लोअर लावून २००० आरपीएमला: १३.३.

गॅरेजवाल्याचं म्हणणं: डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा), रेडिएटर आणि कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी) बदला. तिन्ही एकदम बदलायच्या आधी घरी काय काय तपासता येईल आणि कुठल्या क्रमाने?

पाना_बारा

डायनॅमोला तूर्त हात लावू नका. बॅटरीवरचा १३.३ हा आकडा बॅटरीपर्यंत किती पोचलं ते सांगतो, डायनॅमोने किती बनवलं ते नाही. मधल्या वायरी आणि अर्थिंग (बॅटरीच्या मायनसकडे करंट परत नेणारी वायर) किती खातात ते आधी बघा. वीस मिनिटांचं काम आहे आणि लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा मीटर पुरतो.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. फ्यूएल पंपाचा फ्यूज काढा आणि किट पेट्रोलवर ठेवा, म्हणजे सेल्फ फिरेल पण गाडी चालू होणार नाही. एकाला आत बसवा, पाच-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा, मध्ये मिनिटभर विश्रांती. तेवढ्यात तुम्ही तीन आकडे घ्या:

पहिला, बॅटरीच्या दोन खांबांमध्ये. ९.६ च्या खाली जाता कामा नये.

दुसरा, बॅटरीचा मायनस खांब आणि इंजिनचं उघडं धातू, म्हणजे एखादा न रंगवलेला बोल्ट. ०.२ पर्यंत ठीक.

तिसरा, बॅटरीचा प्लस खांब आणि सेल्फवरचा जाड वायरीचा बोल्ट. ०.५ पर्यंत ठीक.

मीटरची टोकं शिशाच्या खांबावरच टेकवा, क्लॅम्पवर नाही. खांब आणि क्लॅम्प यांच्यात पांढरं पीठ जमलं असेल तर खरा चोर तिथेच असतो आणि क्लॅम्पवर टेकवलं की तो मोजमापातून निसटतो.

मग फ्यूज लावा, गाडी चालू करा, हेडलाइट-एसी-ब्लोअर लावा, २००० आरपीएम धरा. आता डायनॅमोच्या मागच्या जाड वायरीच्या नटावर आणि डायनॅमोच्या बॉडीवर मोजा. तिथे १३.९ आणि बॅटरीवर १३.३ असेल तर ०.६ व्होल्ट वाटेत जातोय. डायनॅमो बदलून तो परत येणार नाही. बेल्ट मात्र बघून घ्या: मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण एक सेंटिमीटर दबावा. एसी लागताना किंचाळत असेल तर ढिला आहे किंवा झिजून गुळगुळीत झालाय.

"कंटिन्युइटी बघितली, बीप येतो" असं कुणी सांगेल. त्या बीपला अर्थ नाही. जाड केबलच्या पन्नास तारांपैकी एक शिल्लक असली तरी बीप येतो, कारण मीटर त्यातून जेमतेम मिलीअँपिअर सोडतो. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. वाटेत एक शतांश ओहम जरी अडला तरी एक-दीड व्होल्ट तिथेच संपतो. म्हणून लोड चालू असताना व्होल्ट मोजायचे.

मीटर नसेल तर एक खेडवळ चाचणी: जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिन ब्लॉकला. सेल्फ फटकन फिरला तर अर्थिंग गेलंय. दुसरी खूण: पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावा. कोमट लागली तर समजा करंट अर्थची वायर सोडून त्या केबलमधून परत जातोय. अशी केबल आतून जळून महिन्याभरात जॅम होते आणि मग लोक क्लच केबलच्या कंपनीला शिव्या देतात.

बहुतेक जुन्या हॅचबॅकना मायनसची जाड वायर गिअरबॉक्सच्या बोल्टला आणि तिचीच बारीक शाखा हेडलाइटजवळ बॉडीला जाते. गिअरबॉक्सवरचा लग (वायरीच्या टोकाची धातूची चकती) बॅटरीच्या ट्रेखाली असतो. वरून अ‍ॅसिडची वाफ, खालून हिंदमाता चौकात तुंबलेलं पाणी आणि बारा महिने खारी हवा. वरून काळी दिसणारी वायर लगपाशी वाकवून बघा. आत हिरवं पीठ असेल तर ती गेली.

जुनं_ते

अर्थिंग मान्य, पण बॅटरीला क्लीन चिट देऊ नका. आठ महिने अर्धपोटी राहिलेली बॅटरी आतून सल्फेट झालेली (प्लेटांवर थर जमून चार्ज न धरणारी) असू शकते. १२.३ म्हणजे जेमतेम साठ टक्के. पूर्ण भरलेली १२.६ च्या पुढे दाखवते, तीही गाडी बंद करून तीन-चार तासांनी. घाई असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावून, बंद करून मग मोजा.

उतरवून बॅटरीवाल्याकडे साडेतीन अँपिअरवर रात्रभर चार्ज करा. पाण्याची असल्याने हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजणारा) चालतो: सहाही घरांत १.२६ ते १.२८ यायला हवं. पाच घरं १.२६ आणि एक १.२० असेल तर ते घर मेलं. वॉरंटीत बदलून घ्या, चार्जिंगवर वेळ घालवू नका.

मिलीअँपिअर

टकटक अर्थिंगने होते हे खरं, पण मग ती रोज व्हायला हवी. यांच्याकडे ती चार दिवसांनी होते. म्हणजे उभ्या गाडीत काहीतरी बॅटरी पितंय. दोन्ही दोष एकत्र असू शकतात, आणि अर्थिंग साफ करून "झालं" म्हणून सोडलं तर पाचव्या दिवशी परत टकटक.

गळती अशी मोजा. किल्ली काढा. बोनेट उघडं ठेवा, पण बोनेटखाली दिवा असेल तर तो काढा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा ठेवायचा असेल तर त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे आतला दिवा लागणार नाही. मीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात घाला. हे विसरलात तर मीटरचा बारीक फ्यूज उडेल. बॅटरीचा मायनस क्लॅम्प काढा आणि क्लॅम्प व खांब यांच्या मधे मीटर जोडा. या अवस्थेत किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर अजिबातच नाही.

पंधरा-वीस मिनिटं थांबा. सेंट्रल लॉक, अलार्म वगैरे झोपायला वेळ घेतात आणि सुरुवातीचा आकडा बघून घाबरायला होतं. २००६ च्या गाडीत शेवटी ०.०३ च्या आसपास यावं, ०.०५ पर्यंत चालेल. ०.०५ म्हणजे दिवसाला १.२ एएच, आठवडाभर उभी राहिली तरी तुम्हाला कळणारही नाही. ०.२ आला तर दिवसाला जवळजवळ ५ एएच. चार दिवसांत ३५ मधले २० गेले. तुमचं वर्णन तिथेच बसतं.

आकडा जास्त असेल तर फ्यूज एकेक काढत जा, मीटरवर नजर ठेवून. जो काढल्यावर आकडा कोसळतो ते सर्किट. कुठलाच फ्यूज काढून फरक पडला नाही तर डायनॅमोची जाड वायर बघा, ती फ्यूज बॉक्समधून जात नाही. आत डायोड फुटला की बॅटरी रात्रभर उलटी डायनॅमोत वाहते. आधी बॅटरीची दोन्ही टोकं सोडवा, मग ती वायर काढून टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा.

डायोडची दुसरी परीक्षा: इंजिन चालू, लोड चालू, मीटर एसी व्होल्टवर, बॅटरीच्या खांबांवर. ०.५ च्या वर असेल तर डायोडवर संशय. एक गोम आहे. स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीसुद्धा मोजून पंचवीस-अठ्ठावीस असा अचाट आकडा दाखवतात. तारा उलट करून शून्य आलं तर तो आकडा मीटरचा खोटेपणा समजा.

नेहमीचे गिऱ्हाईक क्रमाने सांगतो: बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम, बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉक, डिकीचा किंवा डॅशबोर्डच्या कप्प्याचा न विझणारा दिवा, चिकटलेला रिले. म्युझिकच्या मागे पिवळी वायर कायम प्लसची, मेमरीपुरती, लाल किल्लीवरची, काळी अर्थ. किल्लीशिवाय गाणी वाजावीत म्हणून बसवणारे लाल आणि पिवळी एकत्र पिळून टाकतात. पडदा बंद दिसतो, पण आतला सेट जागाच असतो.

वसईहून

मधेच विचारतो, माफ करा. माझी २००४ ची, पेट्रोलच. गरम झाल्यावर चालता चालता बंद पडते, सेल्फ मस्त फिरतो पण चालू होत नाही, वीस मिनिटं बोनेट उघडून ठेवलं की काहीच न घडल्यासारखी चालू. मोबाइलला जोडायचा स्कॅनर लावला तर कनेक्टच होत नाही.

पाना_बारा

स्कॅनर सोडा. आपल्याकडे ओबीडी-२ (स्कॅनरला कळणारी सामाईक भाषा) सगळ्या गाड्यांना २०१३ पासून आलं. त्याआधीच्या गाड्यांना सॉकेट असलं तरी भाषा कंपनीची वेगळी असते.

पुढच्या वेळी बंद पडली की सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. काटा शून्यावर मेल्यासारखा पडून असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा). आतली बारीक तार गरम झाली की तुटते, गार झाली की जुळते. पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं सेन्सरवर ठेवा, पाच मिनिटांत चालू झाली तर खात्री. काटा थोडा हलत असेल तर किल्ली ऑन करून मागच्या सीटखाली कान लावा: दोन सेकंद पंपाची घरघर यायला हवी. ती नसेल तर पंप किंवा त्याचा रिले. हॉर्नचा रिले त्याच आकाराचा असेल तर अदलाबदल करून बघा. घरघर असून चालू होत नसेल तर कॉइल गरम झाल्यावर मरतेय. बाकीचं वेगळा धागा काढून विचारा, इथे गुंता होईल.

गरम_पाणी

दुसऱ्या तक्रारीकडे येतो. सिग्नलला तापते आणि पळताना गार होते, म्हणजे हवा कमी पडते. रेडिएटर आतून चोंदलेला असता तर उलट झालं असतं, हायवेला चढावर काटा चढला असता. एसीसुद्धा सिग्नललाच मरतो म्हणताय, म्हणजे पंख्याकडे दोन बोटं दाखवणारी साक्ष आहे. रेडिएटर बदलायचा सल्ला यादीत सगळ्यात शेवटी ठेवा.

तुमच्या गाडीला बहुधा दोन पंखे असतील, एक रेडिएटरचा, एक एसीच्या कंडेन्सरचा. एसी लावला की निदान कंडेन्सरचा लगेच फिरायला हवा. डोळ्यांनी बघा, आवाजावर जाऊ नका. फिरत नसेल तर लाकडी काठीने मोटरच्या पाठीवर टकटक करा, पात्यांपासून हात लांब. ठोकल्यावर फिरला तर मोटरचे कार्बन (ब्रश) संपलेत. कार्बन बदलून मिळतात, अख्खी मोटर लागतेच असं नाही.

फिरत असेल तर वर्तमानपत्राचं पान घ्या आणि पुढच्या जाळीवर धरा. पंख्याने ते खेचून चिकटवून ठेवलं पाहिजे. गळून पडलं तर पंखा मंद आहे, किंवा पात्यांमध्ये आणि रेडिएटरमध्ये हवा जायला जागाच नाही. पान पुढे उडालं तर हसू नका: मोटर बदलताना कुणीतरी प्लस-मायनस उलटं जोडलंय आणि पंखा बाहेर फुंकतोय. हायवेची वाऱ्याची ताकद त्यावर मात करते, सिग्नलला मात्र गाडी स्वतःचाच गरम श्वास अडवून बसते.

रेडिएटरचा पंखा एसी बंद असताना केव्हा लागतो ते वेगळं बघा. काटा अर्ध्याच्या किंचित वर, म्हणजे साधारण ९२ ते ९८ अंशांना लागावा. लागत नसेल आणि रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात दोन वायरींचा स्विच असेल तर किल्ली ऑन करून त्या दोन वायरी एका तारेने जोडा. पंखा फिरला तर स्विच खराब, नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने. पंखा ईसीयूवर (इंजिनच्या कॉम्प्युटरवर) असेल तर कूलंट सेन्सरचा प्लग काढून किल्ली ऑन करा. बऱ्याच एमपीएफआय गाड्या सेन्सर गेला असं समजून पंखा कायमचा लावून देतात.

कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट टॉर्च मारून बघा. पुढून चकचकीत दिसतो आणि मधल्या फटीत दहा वर्षांचा कापूस, पिसं, बांधकामाची धूळ यांची गादी जमलेली असते. पाणी इंजिनकडून बाहेर असं मारा, हलक्या दाबाने. प्रेशर वॉशरने जाळीची पानं आडवी होतात आणि मग खरोखर रेडिएटर बदलावा लागतो.

आता पाणी. सकाळी इंजिन पूर्ण गार असतानाच झाकण उघडा. कूलंट काठोकाठ हवं. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असेल तर झाकणाचा मधला छोटा व्हॉल्व्ह चिकटलाय. गरम होताना पाणी बाटलीत जातं पण गार होताना परत ओढलं जात नाही. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तोच घ्या. हा दाब बारमध्ये आहे आणि त्याच्यामुळेच पाणी शंभर अंशांना उकळत नाही. रबर कडक झालेलं झाकण म्हणजे उघडं पातेलं.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. मुंबईत बर्फ पडत नाही म्हणून नुसतं नळाचं पाणी भरणारे खूप आहेत. कूलंट आपल्याला गंजासाठी लागतं. नळाच्या पाण्याने अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि पंपाचं सील जातं.

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला मिळाला तर नम्रपणे नको म्हणा. तो ८२ ते ८८ अंशांना उघडतो. काढला की इंजिन गारच राहतं, ईसीयू थंडीत आहे समजून जास्त पेट्रोल सोडतो, आणि सिक्वेन्शियल किट गॅसवर जायला वेळ लावतं. संशय असेल तर काढून पातेल्यात पाण्यात उकळा; उकळी फुटायच्या आत तो सात-आठ मिलिमीटर उघडायला हवा.

पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पिवळा फेस दिसला म्हणून हेड गॅसकेट गेलं असं धरू नका. छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत वाफ जमून तो होतो. डिपस्टिकवर तसंच दिसत असेल, किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, तर मात्र गॅरेज गाठा.

गॅस_किट

वरचं वाचताना एक राहिलं असं वाटलं. सीएनजीचा रिड्यूसर कूलंटवरच गरम राहतो. टाकीतला २०० बारचा गॅस तिथे २ बारच्या आसपास उतरतो आणि उतरताना प्रचंड गार होतो. हीटरच्या होजला टी मारून गरम पाणी रिड्यूसरमधून फिरवलेलं असतं, म्हणून तो गोठत नाही.

गाडी पंधरा मिनिटं गॅसवर चालवा, थांबवा, बोनेट उघडा आणि रिड्यूसरला हात लावा. चटका बसेल इतका गरम हवा. गार असेल, किंवा भर मुंबईत त्याच्यावर दव सुटलं असेल, तर त्यातून पाणी फिरत नाहीये. कूलंट कमी आहे किंवा एअरलॉक (पाण्याच्या वाटेत अडकलेली हवा) आहे. तुमची दुसरी आणि तिसरी तक्रार एकच निघण्याची शक्यता आहे. ते टी-जॉइंट आणि त्यांचे क्लॅम्प बघाच, गळती तिथेच सुरू होते.

रिड्यूसर गरम असेल तर इग्निशनकडे. गॅसचं मिश्रण पेटवायला प्लगला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून कॉइल, वायर किंवा प्लग किंचित कमजोर झाला की पेट्रोलवर तक्रार नसते आणि गॅसवर झटके येतात. पावसात वायरीवर ओल, वर वायपर, लाइट, ब्लोअरचा लोड. कॉइलला मिळणारं व्होल्टेज तेवढं खाली. पाना_बारा म्हणतात ते अर्थिंग इथेही आडवं येतं.

प्लग काढा, गॅप फीलर गेजने मोजा. पेट्रोलला एमपीएफआयचा १.० ते १.१ मिमी असतो, गॅसवर ०.७ ते ०.८ ठेवा. प्लगच्या खड्ड्यात ऑइल दिसलं तर वरच्या कव्हरचं गॅसकेट गेलंय. त्या ऑइलने वायरीचं रबर फुगतं, म्हणून आधी गॅसकेट, मग वायरी.

वायरी काढून ओहमवर मोजा, २०० के वर. लांबीप्रमाणे साधारण ५ ते १५ किलोओहम. चारातली एकच भलतीकडे असेल किंवा आकडा वायर हलवल्यावर उड्या मारत असेल तर अख्खा सेट बदला. मग रात्री, पार्किंगचा दिवा बंद करून, इंजिन पेट्रोलवर चालू ठेवून, इस्त्रीच्या फवाऱ्याने वायरी आणि कॉइलवर हलकं पाणी मारा. हात लांब ठेवा. निळ्या ठिणग्या जिथून इंजिनकडे उडी मारतात तिथे चीर आहे. ही परीक्षा करताना टाकीचा हातव्हॉल्व्ह बंद करा आणि लाइनमधला गॅस आधी संपवा.

गॅसचा कमी दाबाचा फिल्टर कधी बदलला ते आठवत नसेल तर बदला. आणि पेट्रोल पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. पंप पेट्रोलातच गार होतो, कोरडा फिरला की सिक्वेन्शियलवाल्यांचा पंप सगळ्यात आधी जातो. गॅसच्या टाकीची तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झालेली आहे ना, तेही प्लेटवर बघून ठेवा.

मालाड_पश्चिम

शनिवार-रविवार लागले. आकडे:

सेल्फ मारताना बॅटरीवर १०.३. मायनस खांब ते इंजिन १.४ (!). प्लस खांब ते सेल्फ ०.३. म्हणजे सेल्फला ८.६ च मिळत होते.

लोडवर डायनॅमोच्या मागे १३.९, बॅटरीवर १३.३. प्लसच्या बाजूला ०.१५, अर्थच्या बाजूला ०.४५.

गिअरबॉक्सवरचा लग काढला तर वायर हातातच आली, सात-आठ तारांवर होती. नवी जाड वायर, दाबून बसवलेला तांब्याचा लग, खालचा धातू वायर ब्रशने चकचकीत. आता सेल्फ मारताना अर्थची बाजू ०.१२, लोडवर बॅटरीला १३.७.

गळती ०.२१ अँपिअर. म्युझिकचा फ्यूज काढल्यावर ०.०३. मागे बघितलं, लाल आणि पिवळी एकत्र पिळून टेप. लाल वायर किल्लीवर घेतली. बॅटरी चार्ज करून सहाही घरं १.२६ ते १.२७.

कंडेन्सरचा पंखा ठोकल्यावर फिरला. रेडिएटरचा पान धरून ठेवतो, ठीक आहे. रिड्यूसर मात्र पंधरा मिनिटांनीही कोमटच. सकाळी झाकण उघडलं तर रेडिएटरमध्ये जवळजवळ सव्वा लिटर कमी, बाटली मात्र काठोकाठ. गॅप १.१ चा होता, ०.८ केला. वायरी अजून मोजल्या नाहीत.

पाना_बारा

१.४ वरून ०.१२ म्हणजे डायनॅमो निर्दोष सुटला. पण मला तिन्ही तक्रारी अर्थिंगच्याच वाटल्या होत्या, तसं निघालं नाही. मिलीअँपिअरनी धरलं ते बरं झालं. नव्या लगवर बोल्ट कसल्यावर वरून व्हॅसलिन चोपडा. लग आणि धातूच्या मधे नाही.

गरम_पाणी

बाटली भरलेली, रेडिएटर सव्वा लिटर रिकामा: झाकण आधी बदला. कंडेन्सरच्या मोटरचे कार्बन बदला. मग कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर, गाडीचं नाक थोडं चढावर, झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी भसकन खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा. वरचे होज हळूहळू दाबत राहा, हवेचे गोळे बाहेर पडतील. रिड्यूसरला चटका बसायला लागला की एअरलॉक निघाला.

आता सव्वा लिटर सगळंच बाटलीतून वाहून गेलं की आणखी कुठून, ते बघायचं. रिड्यूसरचे टी-जॉइंट, पाण्याच्या पंपाखालचं बारीक भोक (तिथे रंगीत डाग म्हणजे सील गेलं) आणि पुढच्या सीटसमोरचा गालिचा. गालिचा ओला आणि वास गोडसर असेल तर हीटरची कॉइल. ओला पण वास नसेल तर एसीची नळी चोंदलीय. वायर आत खुपसू नका, खालून फुंकून मोकळी होते.

तीन दिवस रोज सकाळी गार इंजिनवर बाटलीची पातळी बघा. नव्या झाकणाने ती खालच्या-वरच्या रेघांमध्ये राहायला हवी.

गॅस_किट

आणि एअरलॉक निघेपर्यंत प्लगच्या वायरी विकत घेऊ नका. आधी गरम रिड्यूसरवर एक पावसाळी फेरी मारा. झटके राहिले तरच वायरी मोजा.

मालाड_पश्चिम

झाकण १.१ चं आणलं. बाटलीवर मार्करने रेघ मारली आहे. कार्बन कुर्ल्यात मिळाले, बुधवारी बसवतो. पाऊस पडला की फेरीचं लिहितो.